कासारणीने धरलेला हात

आज बांगड्या भरायला कासारीण दारात आली. माझ्या तोंडाकडे न बघताच तिने माझा हात धरला, बोटं दाबली आणि म्हणाली, "वाळलीस गं बाई! मागच्या मापाची बांगडी आता कोपरापर्यंत जाईल."

मी हसले. माझे हात बघणाऱ्या आणखीही बायका होत्या. पुतणीने मला फोनवर गोधडीचे व्हिडिओ टाकायला शिकवलं होतं. चेहरा दाखवायची लाज वाटे, म्हणून नुसते हात दिसायचे. हजारो बायका बघायच्या, "ताई, किती सुबक टाके!" असं लिहायच्या. गेल्या महिन्यात फोनवरचं ते खातं अचानक बंद पडलं आणि सगळ्या एकदम नाहीशा झाल्या. एकीचंही गाव मी कधी विचारलं नव्हतं.

कासारणीला मात्र गावातल्या प्रत्येकीच्या हाताचं माप पाठ आहे. ती एकेकीच्या उंबऱ्यावर बसून आलेली आहे.

"पलीकडच्या वाडीत गोधडी शिवणारी शोधतायत," ती बांगडी चढवत म्हणाली. "दोरीवरची ती गोधडी तुझीच ना? तुझं सांगते. पण नाव काय गं तुझं?"

मी नाव सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा विचारलं.