मूठभर गवत

कॅलिफोर्नियातल्या माझ्या अंगणात तण उपटता उपटता म्हातारा माळी रामोन म्हणाला, "सेन्योरा, पूर्वी हा मुलूख मेक्सिकोचा होता. त्या सरकारनं हे सगळं रान माझ्या खापरपणजोबांना दिलं, तेव्हा त्यांनी असंच मूठभर गवत उपटून चारी दिशांना उधळलं. तशी रीतच होती. झाली जमीन त्यांची!"

पुढे अमेरिकेचं राज्य आलं आणि कोर्टात हक्क शाबीत करता करता ती वकिलाच्या घशात गेली, मग बागवाल्याकडे, मग बिल्डरकडे. आता त्यातला एक तुकडा माझा.

"आणि खापरपणजोबांच्या आधी?" मी विचारलं.

"होते ना लोक. त्यांना कुणी विचारलं?" तो पुन्हा वाकला.

माझं खरेदीखत कपाटात आहे, म्हणून काय झालं? तो गेल्यावर मी खाली बसून वेड्यासारखं मूठभर गवत उपटलं. उधळायला हात उठेना, आणि टाकून द्यायला मूठ उघडेना.