प्रवीण शिगवण आणि उताऱ्याबाहेरची उत्तरं

प्रवीण शिगवणला इंग्रजी येत नव्हतं, असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला इंग्रजी यायचं, हिंदी यायचं, अरबी भांडण्यापुरतं यायचं, आणि मल्याळीत तर तो विनोदसुद्धा करायचा. येत नव्हती ती फक्त परीक्षा.

पहिल्या दिवशी मी त्याला वाचून उत्तरं द्यायला एक सोपा इंग्रजी उतारा दिला. एक म्हातारा घड्याळजी नजर अधू झाली म्हणून पन्नास वर्षांचं दुकान बंद करतो. खाली प्रश्न : त्याने दुकान का बंद केलं? चार पर्याय, त्यातला पहिलाच बरोबर. इथल्या मराठी मंडळातल्या सातवीच्या पोरांनी डोळे मिटून सोडवला असता. प्रवीणने चारही पर्यायांवर काट मारली आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं, ‘मुलगा’.

“कुठला मुलगा?” मी विचारलं. “उताऱ्यात मुलगा नाहीच आहे.”

“ताच तर, मॅडम! पन्नास वर्सं दुकान चालवलान, आनि मुलग्याचा नाव पन नाय? म्हंजे घरात भांडन झालाय. डोल्यांचा नुसता निमित्त.”

मी पुण्यात अकरा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय. वर्गात असं उत्तर आलं असतं तर त्या मुलाची मी रेवडी उडवली असती. इथे समोर सत्तेचाळीस वर्षांचा, गुहागरचा, केसांना कलप लावलेला माणूस होता, म्हणून फक्त शून्य दिलं. संतापाची गोष्ट अशी की, तो घड्याळजी पुढे आठवडाभर माझ्या डोक्यात मुलाशी भांडत राहिला.

मी मेधा. माझा नवरा राजन इथे बहारीनमध्ये बँकेत आहे, आम्ही झिंजला राहतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मराठी बायका इथे दोनच उद्योग करतात, केक किंवा क्लास. माझा केक राजननेही एकदाच खाल्ला, तेव्हा मी क्लास काढला.

प्रवीण हूऱ्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये होता. नऊ वर्षं त्याने क्लिनिकची व्हॅन चालवली. एकदा एका पेशंटला डॉक्टरचं काही कळेना, तेव्हा किल्ली खिशात टाकून हा मध्ये पडला, आणि गेली आठ वर्षं मध्येच होता. डॉक्टरचं टेबल आणि पेशंटची खुर्ची यांच्यामध्ये एक स्टूल होतं. त्यावर बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायचं, ही त्याची नोकरी. त्या स्टुलाचा त्याला मंत्रिपदाएवढा अभिमान होता. गावी बायकोला त्याने स्टुलाचा फोटो पाठवला होता, स्वतः त्यात नसलेला.

मग क्लिनिकला नवा मॅनेजर आला. त्याने सांगितलं, पुढच्या वर्षापासून दुभाष्याकडे भाषांतराचा कागद हवा, नाहीतर तिथे बोलता टॅब्लेट ठेवू आणि प्रवीण परत व्हॅनवर. बी.ए. प्रवीणने मुक्त विद्यापीठातून, व्हॅन पार्किंगला लावून लावून केलं होतं. आता एका विद्यापीठाची घरबसल्या करायची पदव्युत्तर भाषांतर पदविका होती. तिला प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेत चाळीस मार्कांचं इंग्रजी उताऱ्यांचं आकलन. वीस मिळाले तर आत. माझ्याकडच्या पहिल्या चाचणीत प्रवीणला सहा मिळाले होते, त्यातले दोन मी दयेने दिले होते.

तो शिकवणीला येताना हमूर मासा घेऊन यायचा. मी शाकाहारी आहे हे त्याला तीनदा सांगितलं. “मग साहेबांना द्या,” तो म्हणायचा. राजनचं मत असं झालं की, या विद्यार्थ्याला घाईने पास करू नये.

हा माणूस सहाच्या वर का जात नाही, ते मला त्याच्या क्लिनिकमध्ये कळलं. खोकला घेऊन मी तिथे गेले होते. आतलं दार उघडं, आणि माझ्याआधी एक वेल्डर बसलेला. तुकाराम ढाणे, साताऱ्याकडचा, रुंद खांद्यांचा, पायाला पट्टी. डॉक्टर खदिजा इथल्याच, बहारीनी, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “याला सांग, साखर अशीच राहिली तर पाय कापावा लागेल. मी चौथ्यांदा सांगतेय.”

प्रवीण तुकारामकडे वळला. “डॉक्टर म्हनतायत, पाय जरा सांभाला. च्या बिनसाखरंचा घ्या.”

“तिला म्हनावं, आठ तास उभ्यानं वेल्डिंग करून बघ,” तुकाराम म्हणाला. “मंग शिकीव मला.”

प्रवीण डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “तो आपले आभार मानतोय. प्रयत्न करेन म्हणतो, इंशाल्ला.”

“इंशाल्ला,” डॉक्टर कोरडेपणाने म्हणाल्या.

मी खोकला विसरले. हे भाषांतर नव्हतं, ही सोयरीक जुळवणं होतं! मुलीकडचे काय बोलले ते मुलाकडच्यांना कळू द्यायचं नाही आणि मुलाकडच्यांचं मुलीकडच्यांना. संध्याकाळी शिकवणीला आल्या आल्या मी त्याला फैलावर घेतलं.

“त्या पाय कापायचं म्हणाल्या, तू सांभाळा म्हणालास. तो शिव्या देत होता, तू आभार मानलेस!”

“मॅडम, पाय कापायचा ऐकलान की मानूस पलतो. परत येतच नाय. मग पाय जातोच.” तो शांतपणे म्हणाला. “लोक बोलतात ता येगला, त्यांना म्हनायचा असता ता येगला. मी म्हनायचा असता ता सांगतो.”

“आणि परीक्षा विचारते ते काय लिहिलंय. म्हणून तुला सहा मिळतात.”

त्या दिवसापासून मी बोटाचा नियम काढला. उत्तर द्यायच्या आधी उताऱ्यातल्या ज्या ओळीत ते आहे, त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट नाही, तर उत्तर नाही. प्रवीण उत्साहाने सुरू करायचा, “ह्या बाईचा नवरा...”, आणि मी ओरडायचे, “बोट कुठाय?” तो कागदभर बोट फिरवायचा, आणि नवरा कुठेच सापडायचा नाही. महिनाभरात तो चौदावर आला, मग एकोणीसवर. मंडळाच्या हळदीकुंकवात मी माझ्या पद्धतीबद्दल जरा जास्तच बोलले, हे कबूल करते.

मला काय ठाऊक, हा पठ्ठ्या बोट क्लिनिकमध्येही नेणार होता.

तुकाराम पुन्हा आला तेव्हा पायाची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि प्रवीणने त्या ओळींवर बोट ठेवून शब्दन् शब्द मराठीत सांगितला. पाय कापावा लागेल. वाचवायचा असेल तर दोन आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही. मंगळवारी ड्रेसिंगला या. ना एक शब्द कमी, ना एक जास्त. तुकारामने कागद घडी करून खिशात घातला आणि लंगडत बाहेर गेला.

मंगळवारी तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. फोन बंद.

प्रवीणने सरावाचं पुस्तक माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. परीक्षा नऊ दिवसांवर होती.

“खलास, मॅडम. मी व्हॅन चालवतो. तुमच्या बोटाने मी त्याला पलवून लावला.”

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तुकारामचा पाय खरा होता. घड्याळजीचं दुकान बंद पडलं तरी मला काही फरक पडत नव्हता. इथे एका माणसावर मी माझी पद्धत चालवली होती, आणि हळदीकुंकवात टाळ्या घेतल्या होत्या.

“त्याची खोली माहितेय तुला?” मी विचारलं.

“बुसैतीनला. कंपनीची हाय.”

शुक्रवारी आम्ही गेलो. गाडी राजनची, पण चालवायला प्रवीण, कारण राजन मुहर्रकचा पूल ओलांडला की हरवतो. तुकाराम गावी पळाला असेल, किंवा घाबरून झाडपाला बांधत बसला असेल, असं आम्ही दोघांनी आपापल्या मनात पक्कं केलं होतं. यातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवता येतं, हे मीही स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सहा जणांचे एकावर एक पलंग होते. खालच्या एका पलंगावर तुकाराम उताणा पडला होता. वरच्या पलंगाच्या दांडीला चादर बांधली होती, आणि त्या चादरीच्या झोळीत त्याचा पाय लटकत होता. पट्टी मात्र स्वच्छ होती. शेजारच्या पलंगावरचा गडी ती रोज बदलत होता. पलीकडे चाकं असलेली, पाठ मोडलेली ऑफिसची खुर्ची होती. तिच्यावर बसवून मित्र त्याला संडासला नेत होते.

“तुकारामभाऊ, मंगलवारी का नाय आलात?” प्रवीणने विचारलं.

“कसा येऊ? उडत?” तुकाराम म्हणाला. “पाय जमिनीला लावायचा न्हाई म्हनलं व्हतं न्हवं तूच? खालती तीस पायऱ्या हायत. बारा दिस झालं, लावल्याला न्हाई. इचार समद्यांस्नी.”

“आनि फोन?”

“चार्जर तकडं भिताडाला हाय.”

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी खोकल्याचं नाटक केलं. हा माणूस पळाला नव्हता. सतरा वर्षांच्या डॉक्टरी इतिहासात प्रवीणच्या क्लिनिकला इतका आज्ञाधारक पेशंट मिळाला नव्हता. बिनसाखरेचा चहासुद्धा त्याने सुरू केला होता. म्हणजे माझं बोट जिंकलं! मी प्रवीणकडे विजयाने बघणार, एवढ्यात तुकाराम कोपरावर उठला.

“एक इचारू का, शिगवण? चार येळा मी तुज्याकडं आलो. चारी येळा तू म्हनलास, जरा सांभाळा. जरा! मी आपला जरा सांभाळत व्हतो. पाय जानार हाय, ह्ये आधी का न्हाई सांगितलंस?”

प्रवीण खाली बघत राहिला.

“आन सांगितलंस त्ये बी कसं,” तुकाराम पुढे म्हणाला, “रेडिओवानी. बाजारभाव सांगावं तसं. दोन दिस रडलो मी हितं. घाबरू नगं म्हनाया तोंड झिजलं आसतं का?”

आता खाली बघायची पाळी माझी होती.

त्याच्या पायाला जमीन लागू न देता, त्याच मोडक्या खुर्चीत बसवून, तिघांनी त्याला तीस पायऱ्या उतरवलं. प्रवीण पुढच्या बाजूला होता आणि प्रत्येक पायरीला अरबीत “यल्ला, यल्ला”, चला चला, म्हणत होता. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा पाय वाचण्यासारखा होता. करंगळी गेली.

सरावाचं पुस्तक प्रवीणने परत नेलं. परीक्षा ऑनलाइन होती, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, समोर कॅमेरा. राजनला दोन तास फोडणी, शिंक आणि क्रिकेट यांवर बंदी होती. प्रवीण प्रत्येक ओळीवर बोट ठेवायला लागला, तेव्हा लक्ष ठेवणाऱ्या बाईंनी लेखी तंबी दिली की, स्क्रीनला हात लावू नये. मग उरलेला सगळा पेपर त्याने स्क्रीनपासून इंचभर लांब, हवेत बोट धरून सोडवला.

चाळीसपैकी सत्तावीस! राजनने शेवटचा हमूर म्हणून दुःख केलं.

“शेवटचा प्रश्न कसा चुकला रे?” मी विचारलं. “सोपा होता.”

“मुद्दाम चुकवला. ती बाई रागावली नाय असा उताऱ्यात व्हता. पन रागावल्याली व्हती, मॅडम. मना म्हायताय.”

मी वाद घातला नाही. सत्तावीसमध्ये एवढी चैन परवडते.

प्रवेशाचं पत्र दाखवल्यावर मॅनेजरने स्टूल ठेवलं. टॅब्लेट आता बाहेर टोकन नंबर दाखवतो. मागच्या महिन्यात माझा खोकला परत आला, तेव्हा आत तुकाराम बसला होता, दार नेहमीसारखं उघडं. डॉक्टर खदिजा म्हणाल्या, “याला सांग, जखम भरलीय. पण साखर पुन्हा वाढली, तर करंगळीवर भागणार नाही, पाऊल जाईल.”

प्रवीणने केसपेपरवर बोट ठेवलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाऊल जाईल, हेसुद्धा. मग प्रवीणने बोट उचललं आणि हात तुकारामच्या गुडघ्यावर ठेवला.

“हा झाला डॉक्टरचा. आता ह्यो माझा. भिऊ नका, भाऊ. मी हाय हितं, स्टुलावर.”

“आता काय सांगितलंस त्याला?” डॉक्टरांनी चष्म्यावरून विचारलं. “मी एवढं लांब काही बोलले नव्हते.”

“ते उताऱ्यात नाही, डॉक्टर,” प्रवीण इंग्रजीत म्हणाला.

“काय सांगितलंस?”

“घाबरू नको म्हणालो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे माझ्याकडूनही सांग.”

प्रवीणने बोट पुन्हा कागदावर ठेवलं. “डॉक्टर म्हनतायत,” तो तुकारामला म्हणाला, “भिऊ नका.”