माईंची घोंगडी

माईंना रिकामं बसणं जमायचंच नाही. कुणाकडे जेवायला गेल्या, तरी पाच मिनिटांत स्वयंपाकघरात शिरून मेथीची जुडी निवडायला घ्यायच्या. "माई, तुम्ही पाहुण्या, बसा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं : "बसून खायला मी काय मखरातला गणपती आहे?"

माई म्हणजे आमच्या शेजारच्या सुधीरची आई. ऐंशीच्या दशकात, वडील गेल्यावर, या एकुलत्या एका लेकाने त्यांना साताऱ्याहून न्यू जर्सीला आणलं. त्याच्याकडे कपड्यांना मशीन, भांड्यांना मशीन. माई त्या मशिनींकडे सवतीकडे बघावं तशा बघायच्या. सहाव्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं, "माझं तिकीट काढ बाबा. इथे माझं कामच नाही." साताऱ्यात कुलूपबंद दोन खोल्यांशिवाय कुणी नव्हतं. सुधीरचा चेहरा एवढासा झाला. त्याने तिकीट काढलं, पण जाण्याआधी कदाचित मन पालटेल म्हणून केप ब्रेटन बेटाची ट्रिपही ठरवली. गाडीत आम्ही दोघं नवरा-बायको होतोच.

दोन दिवस ड्राइव्ह करून कॅनडातल्या त्या बेटावर पोचलो. काय देखणं बेट हो! एकीकडे हिरवे डोंगर, दुसरीकडे खाली निळाशार समुद्र. आणि माई मागच्या सीटवर मटार सोलतायत.

"माई, अगं समुद्र बघ!" सुधीर म्हणाला.

"बघितला. कालचाच आहे. ती दुसरी पिशवी दे."

संध्याकाळी एका हॉलमध्ये फिडलचं, म्हणजे तिकडच्या व्हायोलिनचं, वादन होतं. वाजवणारा टाचा आपटत असा रंगला होता की आमचेही पाय थांबेनात. माई म्हणाल्या, "वाजवतो छान. पण सदऱ्याचं बटण लोंबतंय मेल्याचं." आणि पिशवीतून सुईदोरा काढून निघाल्यासुद्धा! मी पदर धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र पदर माझ्या हाती लागला नाही. गावच्या सभागृहात दहा-बारा म्हातारी माणसं लांबलचक टेबलाभोवती बसून ओली घोंगडी आपटत गात होती. त्यांचे पूर्वज स्कॉटलंडहून आले तेव्हा लोकर घट्ट व्हावी म्हणून असं करत. ही माणसं ती जुनी रीत हौसेने जपत होती. हे आम्हाला कुणी सांगेपर्यंत माई पदर खोचून टेबलापाशी पोचल्या होत्या.

"बिचाऱ्यांकडे मशीन नाही वाटतं!"

एका पांढऱ्या केसांच्या आजींनी माईंच्या हातांकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. दोन दणक्यांत माईंना ठेका सापडला. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. आजींचं कडवं संपलं, तसं त्यांनी माईंना कोपराने ढोसलं. माईंनी जात्यावरचा सूर लावला :

दूरच्या गं देशामंदी हाती घोंगडी ही आली,
माझ्या रिकाम्या हातांची तिनं लाज गं राखली.

अख्ख्या टेबलाने "राखली" उचलून धरलं. सुधीर तर उभ्या उभ्या रडला. नंतर त्याने आजींना विचारलं, घरी मशीन नाही का? त्या हसून म्हणाल्या, "आहे की. पण मशीनपाशी गायला कोण येणार?"

परतताना मटारांची पिशवी तशीच पडली होती. माई म्हणाल्या, "सुधीर, तिकीट कॅन्सल कर. आणि शनिवारी सगळ्या बायकांना बोलाव. घोंगडी मी भिजवते."

माई त्यानंतर नऊ वर्षं राहिल्या. साताऱ्याहून येताना त्यांनी आणलेली काळी घोंगडी आम्ही किती शनिवार बडवली, काही विचारू नका! खालच्या मजल्यावरची गोरी बाईसुद्धा तक्रार करायला आली आणि चहा पिऊन, चार दणके घालून गेली. माझी अमेरिकेत जन्मलेली मुलगी "थँक यू" इंग्रजीत म्हणायची आणि ओव्या मराठीत.

माईंचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुधीर त्यांची घोंगडी घेऊन मशीनसमोर उभा होता. झाकण उघडं, पण हात काही आत जाईना. मला बघवेना. तेवढ्यात माझ्या मुलीने ती त्याच्या हातातून घेतली, भिजवली आणि डायनिंग टेबलावर पसरली.

"काका, कम. सिट," ती म्हणाली. "पहिली ओवी मी म्हणते. तुम्ही धरा."

सुधीरने बाह्या वर केल्या.