भात शिजेपर्यंत नागपूर

भाताचा गंज आम्ही दोघांनी मिळून पसवला. तिनं झाकण दाबून धरलं, मी गंज तिरपा केला. पेज गळता गळता भागरता, माझी बायको, रोजच्यासारखी बोलली, "आलं जी नागपूर. उतरा." हसलो, जेवलो, झोपलो. पहाटे ती उठलीच नाही.

त्या बोलण्यामागचं खरं माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

लढाईच्या दिवसांत बिरसीच्या माळावर गोरे लोक विमानाचा अड्डा बांधून राहिले होते. मी आणि शेजारचा दशरथ तिथं गिट्टी टाकायला जायचो. एकदा साहेबाला पेट्या घेऊन नागपूरला जायचं होतं, उचलायला दोन माणसं पाहिजे होती. आम्हाला बोलावलं. विमानाचा पंखा फिरला — आणि मी? अस्वल पाहून न पळालेला गडी — डांबराच्या ड्रमामागं जाऊन बसलो. दशरथ एकटा गेला. सांजेला त्याच विमानानं परत आला, तोवर मी तिथंच.

घरी येताना वाटभर तो बोलत होता. आगगाडीत सारी सकाळ जाते तिथं हा म्हणे चुलीवर भात शिजते तेवढ्यात पोचला. आणि वैनगंगा म्हणे वरून लुगड्याच्या काठाएवढी.

आमचं घर आधी लागतं. दारातच भागरतानं विचारलं, "एवढा उशीर काऊन जी?"

"नागपूरले गेलो होतो. विमानानं."

भात, वैनगंगा, लुगड्याचा काठ — सगळं दशरथचं, तोंड माझं.

मग काय विचारता? तिनं गावभर केलं. सोयरा आला की त्याच्यासमोर गंज चढवायची. उकळी फुटली की "आता भंडारा गेला", पेज गळाली की नागपूर. पोरं अंगणात हात पसरून घुं-घुं करत धावायची. मीही मिशी पिळायला लागलो. मजा होती — ते कशाला नाकारू?

दशरथच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं पारावर खरं सांगितलं. त्याची बायको यशोदा आणि भागरता एकाच माहेरच्या, धानाच्या रोवणीला एका ओळीत, दोन घरांमधल्या कुडाच्या भोकातून मीठ-मिरचीची देवघेव. भागरता त्या कुडापाशी जाऊन बोलली, "माह्या माणसाले लबाड म्हणते तुहा नवरा? थो बैलगाडीत बसला तरी ओकते."

झालं. दोघींचं बोलणं बंद. रोवणीला दोन टोकांना. ते भोक भागरतानं शेणमातीनं लिंपून टाकलं — आणि मीठ संपलं की अजून तिकडेच पाहायची. मी पाहत होतो. एक शब्द पुरला असता. बोललो मी?

ती गेली त्या सकाळी बाया जमल्या. यशोदा आली, भागरताच्या उशाशी बसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, आतातरी खरं सांगा. बसले होते ना विमानात?"

अंगणात दशरथ तिरडीचे बांबू बांधून राहिला होता. त्याचा हात थांबला.

"बसलो होतो," मी म्हणालो.

यशोदा भागरताच्या कानाशी वाकली. "तुहंच खरं होतं, बाई. चुकली मी."

दशरथनं दोरी ओढली. दुसरं टोक मी धरलं.