उन्हाळ्यात पडणारी कडी

१४ मे २००२, मंगळवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आप्पांना नाही, नवऱ्याला नाही, आणि मी सगळे तिलाच सांगते अशी जिची खात्री आहे त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. वेळ अचूक आहे, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. डोळे घड्याळाकडे होते — आणि हात दुसरेच काम करीत होता.

कसले काम, तिथे येतेच. आधी घर पाहून घ्या.

कळमनुरीत, नांदेड रस्त्यापासून थोडे आत आमचे घर होते. एका ओळीत तीन खोल्या, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, अंगणात कडुलिंब. आप्पा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्याच वर्षी निवृत्त झाले होते. मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिलेली. मला नांदेडला जाऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायची होती, आणि मुलीला एकटीला वसतिगृहात ठेवायला आप्पा तयार नव्हते. जायचे तर तिघांनी, आणि तिघांनी जायचे तर हे घर विकून. थोडक्यात, घर गेले तर मी जाणार होते. घर राहिले तर मीही राहणार होते.

तिसरी माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण. माझी आई मी चार वर्षांची असताना वारली. तेव्हापासून मला आत्यानेच वाढवले. ती माहेरी का होती? लग्नानंतर दोनच वर्षांत तिच्या ओठांच्या कडेला पांढरा डाग उमटला, मग बोटांवर, मग गळ्यावर. कोड. सासरच्यांनी तिला सणाला म्हणून पाठवले आणि न्यायला कुणी आले नाही. हे ती स्वतः सांगे, तेही हसत. ‘सण लई लांबला बघ’, म्हणे.

कोड म्हणजे काय, हे मला उत्तम ठाऊक होते. त्वचेतल्या रंगपेशी नाहीशा होतात, एवढेच. ते स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. बारावीत असताना याच विषयावर मी कॉलेजात भाषण केले होते आणि मला पहिले बक्षीस मिळाले होते. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या संपल्यावरही तिच्या टाळ्या चालूच होत्या.

हे लक्षात ठेवा. अज्ञानाचा फायदा मला मिळू नये.

घर पाहायला पहिले आले ते वसमतचे एक कुटुंब. आत्याने पाणी दिले. त्या बाईंनी पेला हातात घेतला, आत्याच्या बोटांकडे पाहिले, आणि पेला तसाच भरलेला खिडकीत ठेवून दिला. ‘कळवतो’ म्हणून गेले, आणि कळवले नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी पुढे शेकडो मुलांना शिकवले आहे. त्या दिवशी मात्र एका पेल्यावरून मी काढला.

आप्पांना सांगितले ते अर्थात वेगळेच. म्हटले, घर तापते, म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही. हेही खोटे नव्हते — मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कोण टिकणार? मी ते काम हाती घेतले, आणि खरे सांगते, इतक्या आनंदाने मी आयुष्यात फार कमी कामे केली आहेत. चुन्यात डिंक आणि मीठ कालवून पत्र्यांना बाहेरून पांढरे करायचे, म्हणजे ऊन परतून जाईल. पहाटे मी शिडीवर, आत्या खाली बादली धरून.

“काहून गं पत्र्याला पावडर लावून राहिली?” शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारले.

“पाव्हणे बघाया येणार न्हाईत का!” आत्या म्हणाली. “नवरी काळी नगं दिसाया.”

“मंग नवरीला च्या-पोहे बी कराया शिकवा की, आक्का.”

“तेवढं मी करीन. नवरीनं नुसतं गप उभं राहावं.”

दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. दवाखान्याच्या भिंतीवरून निकालात निघालेला एक तापमापक आप्पांनी आणला होता. तो मी रोज तीन वाजता पुढच्या खोलीत पाहत असे आणि आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहीत असे. चुन्याआधी एक्केचाळीस, चुन्यानंतर सदतीस, पुढे छत्तीस. पुढच्या आणि मधल्या खोलीचे पत्रे झाले आणि चुना संपला. मागची खोली तशीच राहिली. तिथे पोती आणि ट्रंका होत्या. तिथे कोण बसणार आहे, असे मीच म्हटले.

मग आतले काम. पलंग भिंतीला लावून मधली खोली मोठी दाखवली. खिडकीसमोर आरसा टांगून उजेड दुप्पट केला. आत्याने नारळाच्या शेंडीने घासून फरशी इतकी स्वच्छ केली की तिचा मूळ रंग मी प्रथमच पाहिला. राहिली ती मागच्या खोलीची कडी. दाराच्या बाहेरून चौकटीला एक लोखंडी पट्टी होती. ती वर उभी राहायची, पण दार जोरात लागले की आपल्याच वजनाने खाली येऊन अडकायची. आत असलेला माणूस आतच. लहानपणी मी दोनदा अशी अडकले होते. तिच्या स्क्रूखाली मी एक वायसर घातला आणि स्क्रू आवळला. आत्याने दार धरले होते.

“आता ही हाताने पाडल्याशिवाय पडणार नाही,” मी म्हटले.

आत्याने तीनदा दार आपटून पाहिले. पट्टी हलली नाही. “पोरगी इंजनेर हाय माझी”, ती दाराला सांगावे तसे म्हणाली.

आता मंगळवार. जवळा बाजारचे एक कापसाचे व्यापारी आणि त्यांच्या पत्नी दुपारच्या बसने येणार होते, म्हणून आप्पा त्यांना आणायला बसस्थानकावर गेले. ते आले मात्र कुणाच्या तरी जीपने, आणि थेट आमच्या दारात. आत्या त्या दिवशी पाहुण्यांसमोर येऊ नये, असे सकाळपासून माझ्या मनात होते. शेजारी जाऊन बस, एवढेच म्हणायचे होते. म्हणायला लाज वाटली. करायला वाटली नाही.

जीपचा आवाज आला तशी आत्या म्हणाली, “थांब, लुगडं बदलून येते. पाव्हण्यापुढं असं काय जायचं?” आणि मागच्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतले.

मी मधल्या खोलीत उभी होते. घड्याळात दोन चाळीस. मी कडी खाली पाडली.

‘पाडली’ म्हणते, तेही सौम्यच आहे. वायसरमुळे ती घट्ट झाली होती. मला अंगठ्याने जोर द्यावा लागला. नकळत झाले असे म्हणण्याची सोय माझ्याच दुरुस्तीने ठेवली नव्हती.

पुढचा सव्वा तास मी फार छान होते. बाई आत येताच थबकल्या, “अगं बाई, गार हाय की घर!” मी कपाटाचे दार उघडून आकडे दाखवले, चुन्याचे तत्त्व समजावले. व्यापारी कौतुकाने ऐकत होते. आत्याने सकाळी करून ठेवलेले पन्हे मी दिले. बाईंनी पेला एका दमात संपवला आणि पुन्हा मागितला.

“कुनी केलं गं?”

“मी”, मी म्हटले.

आम्ही मधल्या खोलीत होतो तेव्हा मागचे दार एकदा हलले. आतून कुणी ओढून पाहावे तसे — एकदाच.

“आत कुनी हाय का?” बाईंनी विचारले.

“नाही”, मी म्हटले. “सामान आहे.”

दारापासून मी दोन हातांवर होते. आवाज खणखणीत, व्याख्यान दिल्यासारखा. आतल्या माणसाला ऐकू गेले नसेल, अशी शक्यता आहे का? मी ती अनेकदा तपासली आहे. नाही. त्यानंतर दार हलले नाही. हाक आली नाही. खोकलासुद्धा आला नाही.

ती खोली पाहायची राहिली आहे, असे व्यापारी म्हणाले. मी म्हटले, याच मापाची आहे, सामान लावलेय, पुढच्या वेळी उघडून ठेवते. त्यांनी मान डोलावली. घर त्यांना पसंत होते. चेहऱ्यावर दिसत होते.

जीप वळली आणि मी कडी उचलली. आत्या ट्रंकेवर बसली होती. नवे लुगडे, केस नीट विंचरलेले, आणि सगळे अंग घामाने निथळलेले. चेहरा लाल, त्यामुळे ओठांजवळचा डाग अधिकच पांढरा. मी काही बोलायच्या आत तिने विचारले,

“पसंत पडलं का गं घर?”

मी मान डोलावली. ती हसली. खोटे हसली असती तर मला ओळखू आले असते. ती खरेच हसली.

तेवढ्यात आप्पा आले. “आक्का, हे काय? अंगावर पानी वतून घेतलं का?”

मी म्हटले, “कडी पडली वाटतं.”

आणि आत्या — जिने तीनदा दार आपटून पाहिले होते — म्हणाली, “व्हय. पडली.”

आप्पांनी त्या कडीला यथेच्छ शिव्या दिल्या.

इथे थांबले असते तर गोष्ट निदान एका दुपारची राहिली असती. पण जूनअखेर घराचा ताबा द्यायचा दिवस आला. व्यवहार पुरा झाला होता. व्यापारी आणि बाई किल्ल्या घ्यायला आले. त्या दिवशी आत्या घरातच वावरत होती. आता तिला लपवून काय मिळणार होते? तिने बाईंना पाणी दिले. बाई ते प्यायल्या, पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “आक्का, फरशी कशानं घासली हो? माझी तर काळी ती काळीच ऱ्हाती.” दोघी उंबऱ्यावर बसून नारळाच्या शेंडीबद्दल बोलू लागल्या. माझ्या निष्कर्षाची एवढीच किंमत होती. वसमतकरांनी घर का घेतले नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

व्यापारी मात्र मागच्या दाराशी होते. आप्पांनी प्रामाणिकपणे त्यांना कडीचा दोष सांगून ठेवला होता. त्यांनी दार आपटले. पुन्हा आपटले. पाच-सहा वेळा. “ही पडती म्हनं तुमी? हलत बी न्हाई की!”

सगळे कडीकडे पाहू लागले. आप्पा गोंधळले.

“आता न्हाई पडायची,” उंबऱ्यावरून आत्या म्हणाली. “उन्हाळ्यात पडती ती. पत्रा तापला की.” मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, “व्हय न्हाई का गं? तू सांग ना त्येस्नी. तू शिकलीस.”

आणि मी सांगितले. सांगितले हो! उष्णतेने लोखंड प्रसरण पावते. मागच्या खोलीच्या पत्र्याला चुना नाही, म्हणून तिथे तापमान जास्त. त्यामुळे स्क्रूची पकड सैल होते आणि पट्टी खाली येते. मी हातवारे करून सांगितले. व्यापारी म्हणाले, “बराबर.” आप्पांचा ऊर भरून आला. आत्या ऐकत होती, त्या भाषणाला पहिल्या रांगेत बसून ऐकत होती तशीच. टाळ्या तेवढ्या वाजवल्या नाहीत.

त्या स्क्रूचे प्रसरण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतकेही होत नाही. मला ते तेव्हाही ठाऊक होते.

नांदेडला आमचे चांगले चालले. माझी एम.एस्सी. झाली, नोकरी लागली, लग्न झाले. आत्या आमच्याकडेच आहे. गच्चीवर मिरच्या वाळत घालते, माझ्या मुलीला मी ऐकलेल्याच गोष्टी ऐकवते. आम्ही सुखात आहोत, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते. दरवर्षी अकरावीच्या वर्गाला मी धातूंच्या प्रसरणाचा धडा शिकवते. रेल्वेच्या रुळांचे उदाहरण देते, विजेच्या तारांचे देते. एखादा मुलगा दाराचे उदाहरण देतो, तेव्हा मी फळ्याकडे वळते.

आत्याला विचारले का कधी? नाही. तिने काढले का कधी? नाही. तिने मला वाचवले की तपासले, हे मला कळलेले नाही, आणि ते जाणून घेण्याचा हक्क मला आहे असे मी धरत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या मंगळवारी, आप्पा हातपाय धुवायला गेल्यावर आणि आत्या लिंबाखाली वाऱ्याला बसल्यावर, मी तापमापक घेऊन मागच्या खोलीत गेले. दार लावून घेतले. त्याच ट्रंकेवर बसले. पारा स्थिर व्हायला जेवढा वेळ द्यावा लागतो, तेवढा दिला. मग बाहेर येऊन कपाटाचे दार उघडले आणि पुढच्या खोलीच्या छत्तिसांखाली, खडूने, त्या घरातला माझा शेवटचा आकडा लिहिला —

मागची खोली : ४४.