सगळ्यांत खालचा कागद

मामू रागावलेले नसले की आम्हांला काळजी वाटायची. सकाळी साडेसातला ऑफिसचं दार उघडून ते आत यायचे तेच कुणावर तरी तापलेले. कधी टॅक्सीवाल्यावर, कधी सरकारी खिडकीमागच्या कारकुनावर, कधी नुसत्या हवेवर. दोह्यातली जुलैची हवा रागावण्यासारखीच असते हे खरं, पण मामू जानेवारीतल्या हवेवरही रागवायचे. "ही काय थंडी हाय? धड स्वेटर घालवत नाय, धड काढवत नाय." एकदा ते सकाळभर गप्प बसले, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईंनी घाबरून त्यांना तापाची गोळी आणून दिली. गोळीची तारीख उलटून गेली आहे म्हणून मामू बाईंवर ओरडले आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

मामू आमच्या कंपनीचे मंदूब होते, म्हणजे सगळ्यांचे सरकारी कागद घेऊन कचेऱ्या फिरणारा माणूस. आखातात राहिलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा कतारमधून घरी जायचं तर नुसता पासपोर्ट आणि तिकीट पुरत नसे. मालकाने सही करून 'या माणसाला जाऊ द्या' असं लिहून द्यावं लागे. त्या कागदाला सगळे खुरूज म्हणत. सही नाही तर विमान नाही. आमच्या कंपनीत ती सही एकट्या मालकांची चाले, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नव्हता. आई आजारी असो की बायको बाळंत होणार असो, मामूंच्या टेबलाशी येऊन रडगाणं गाणाऱ्याला एकच उत्तर मिळे, "तोंड काय दाखवता? कागद दाखवा." आणि दुपारपर्यंत त्याचा कागद तयार असे.

ते रत्नागिरीजवळच्या एका बंदरगावचे. घरच्या दोन होड्या होत्या, त्या भावाकडे सोपवून हे इकडे आले. दोह्यातल्या नजमा वस्तीतल्या एका खोलीत पाच जणांत राहायचे आणि त्या पाचही जणांवर रागावलेले असायचे. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, हिशेब खात्यात, अल अझीझियात बायको-मुलीसह फ्लॅट करून राहणारा. म्हणजे त्यांच्या मते लाडावलेला. मला ते 'कर्णिक' अशी हाक मारत, पण असं वाटे की मी काहीतरी सांडलंय.

२००२ साली मी एक पराक्रम केला. दरवर्षी जुलैत आम्ही पुण्याला जायचो, त्याऐवजी स्पेनला गेलो. बायकोचा मामेभाऊ तिथे नोकरीला होता. त्याने समुद्रकाठच्या एका चिमुकल्या गावात आठ दिवसांसाठी घर बघून दिलं. पुण्याहून आई महिनाभर फोनवर माझ्याशी तुटक बोलली, पण त्या गावाने मला पुरतं बिघडवलं होतं. पांढरीशुभ्र घरं. अरुंद गल्ल्यांत वाळत घातलेल्या चादरी. दुपारी दोन ते पाच सगळं गाव दारं लावून झोपलेलं. संध्याकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव, मग कोळशावर भाजलेले छोटे मासे, आणि चौकात म्हातारे पत्ते कुटत बसलेले. घरात फोन नव्हता. मोबाइल मी पेटीच्या तळाशी टाकला होता. आठ दिवस कुणालाच माझी गरज पडली नाही, आणि हे आपल्या थोरपणामुळे घडलं असं समजून मी परत आलो.

मग वर्षभर मी ऑफिसात फोटोंचा आल्बम घेऊन हिंडलो. ज्यांनी मागितला त्यांना दाखवला, ज्यांनी नाही मागितला त्यांना दोनदा. मामूंनी तो एकदाच पाहिला, उभ्याउभ्या, चष्मा कपाळावर चढवून.

"हे बघायला एवढे लांब गेलात?"

मी म्हटलं, गाव सुंदर आहे की नाही?

"हे आमचंच गाव हाय. नुसता चुना जास्त." मग एका फोटोवर बोट ठेवून ते खरोखर चिडले. धक्क्यावर जाळं पसरलेलं होतं. "जाळं असं वाळवतात? कुजून जाईल. सांगितलं नाय तुमी त्यांना?"

मला स्पॅनिश येत नाही, असं मी म्हणालो. "मग आठ दिवस केलंत काय?" म्हणून त्यांनी आल्बम मिटला.

मालकांनी मात्र तो आल्बम आवडीने पाहिला. दर उन्हाळ्यात ते लंडनला जात, तिथे कंपनीचं छोटं ऑफिस होतं, त्यामुळे कागद इकडून तिकडे जाऊन सही होऊन येत असे. या वर्षी आपणही कुठेतरी निवांत जावं असं त्यांच्या मनात आलं. मी धावत जाऊन घरमालकिणीचा पत्ता आणि खालच्या कॉफीच्या दुकानाचा नंबर दिला. वर सल्ला दिला, "मोबाइल बंद ठेवा, सर. खरी मजा त्यातच आहे."

त्याच म्हणजे २००३ च्या जुलैत मामूंच्या मुलीचा, रुक्सानाचा निकाह होता. कोकणात भर पावसात कोण लग्न काढतो? पण नवरामुलगा कुवेतला, त्याला रजा तेव्हाच. मामूंनी वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं. पोरीसाठी बांगड्या घेतल्या, स्वतःला शर्ट घेतला, शिंप्यावर रागावून झालं.

मामूंची एक पद्धत होती. मालक निघायच्या आधी सुट्टीवर जाणाऱ्या सगळ्यांचे खुरूज ते एका गठ्ठ्यात नेत. आधी मजूर, मग ड्रायव्हर, मग आम्ही ऑफिसवाले. स्वतःचा कागद सगळ्यांत खाली. वर ठेवला तर लोक म्हणतील, मंदूबने आपलं आधी साधलं. तो गठ्ठा घेऊन ते मालकांच्या केबिनमध्ये उभे होते तेव्हा मीही तिथे होतो. मला तिथे काहीच काम नव्हतं. मालक सह्या करत होते आणि मी त्यांना मासळीच्या लिलावाला किती वाजता पोचावं हे सांगत होतो, हातवारे करून. ते हसले, घड्याळ पाहिलं, पेनला टोपण लावलं, गठ्ठा पुढे सरकवला. "यल्ला, मला विमान गाठायचंय."

बाहेर आल्यावर मामूंनी सगळे कागद वाटले. प्रत्येकाची सही दोनदा तपासून दिली. स्वतःचा न बघता खिशात घातला. दुसऱ्यांचं तपासता तपासता थकलेला माणूस आपलं तपासत नाही, एवढीच ती चूक.

त्यांच्याच कागदावर सही राहिली होती, हे शनिवारी कळलं. विमान बुधवारचं, निकाह शुक्रवारचा.

मी कॉफीच्या दुकानाला फॅक्स पाठवला. दुपार होती, दुकान बंद. रविवारी बंद. सोमवारपासून गावची तीन दिवसांची जत्रा, सगळं गाव होड्यांत. ही जत्रा चुकवू नका, असंही मीच सांगितलं होतं. मालकांचा मोबाइल बंद. घरमालकिणीने तिच्या स्वतःच्या घरी एकदा फोन उचलला आणि मला न समजणारं पुष्कळ काही प्रेमाने सांगितलं. माझ्या मामेमेव्हण्याने तिला समजावलं, तर म्हणाली, पाहुणे जत्रेला गेलेत, आले की सांगते. सांगितलं की नाही, ते देवाला ठाऊक. बुधवारी विमान गेलं. मामू रोज विचारायचे, "आलं?" एवढंच. ते ओरडत नव्हते, आणि या वेळी गोळी देण्याची कुणाची छाती झाली नाही.

माझ्या मुलीने घरी विचारलं, "पण त्यांना जायचंय, तिकीट आहे, मग ते जात का नाहीत?" दहा वर्षांची होती. मी तिला नियम सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझंच डोकं फिरलं. वीस वर्षं इथे राबलेला माणूस पोरीच्या लग्नाला जाऊ शकत नाही, कारण दुसरा एक माणूस भाजलेले मासे खातोय. यात समजावून सांगण्यासारखं काय होतं? आणि मी स्वतः त्या नियमाखाली इतकी वर्षं गुमान राहत होतो, सही मिळत होती तोवर.

शुक्रवारी नमाजानंतर मामू आमच्या घरी आले. नजमाच्या खोलीत फोन नव्हता. नवा शर्ट घातला होता, घड्या न मोडलेला. बायकोने शेवया केल्या होत्या. फोन स्पीकरवर लावला. पलीकडे पाऊस, माणसं, भांडी. पहिली दहा मिनिटं मामू भावावर ओरडत होते, मांडवावर ताडपत्री दुहेरी टाकली का, पाहुण्यांना आधी वाढलं का. मला बरं वाटलं.

मग काझींचा आवाज आला. त्यांनी विचारलं, मुलीच्या बापाच्या वतीने धाकट्या भावाने बसावं, याला तुमची परवानगी आहे का?

मामू उठून उभे राहिले. फोनसमोर. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "हाय."

ऐकू आलं नाही, जरा मोठ्याने, असं पलीकडून कुणी म्हणालं. ज्या माणसाचा आवाज तीन मजले ऐकू जायचा, त्याला तो शब्द तीनदा म्हणावा लागला. मुलगी बोलायला येतेय असं कुणी सांगत असतानाच लाइन गेली. आम्ही तासभर लावत राहिलो. शेवया तशाच राहिल्या.

जाताना दारात ते म्हणाले, "कर्णिक, त्या दिवशी तुमी केबिनमध्ये कशाला होतात?"



पुढच्या आठवड्यात माझ्या नावाने मालकांचं पोस्टकार्ड आलं. पांढरी घरं, निळं पाणी. मागे लिहिलं होतं, स्वर्ग आहे, तुझे आभार. ते मी फाडलं, मग तुकडे पुन्हा फाडले. मालक परत आले ते ऑलिव्हचे डबे घेऊन. हकीकत ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं, म्हणाले, मला कळवायचं होतं, मी एका मिनिटात सही केली असती. एका मिनिटात. दुपारपर्यंत ते विसरलेही. मामूंनी आपला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

त्यानंतर ते आणखी पाच वर्षं राहिले. माझे कागद वेळेवर केले, दोनदा तपासून. पण माझ्यावर ओरडले नाहीत. टॅक्सीवाल्यांवर, हवेवर, कारकुनांवर सगळ्यांवर ओरडले, मी सोडून. ती शिक्षा होती हे मला उशिरा कळलं.

२००८ मध्ये ते कायमचे निघाले तेव्हा मी त्यांना गाडीतून विमानतळावर सोडलं. ट्रॉलीवर बॅगा चढवून झाल्यावर मी धीर करून म्हटलं, मामू, त्या वेळचं मनातून काढून टाका. माझ्याकडून चूक झाली.

त्यांनी ट्रॉलीचा दांडा सोडला.

"साहेबावर राग धरून काय करू? त्याला आठवत तरी हाय का? तुमाला आठवतंय, म्हणून तुमच्यावर धरलाय. तो मी सोडणार नाय, कर्णिक. कोणाच्या तरी ध्यानात राहायला पायजे ना, माझी पोर माझ्याशिवाय गेली ते."

"नका सोडू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, ट्रॉलीच्या अडकलेल्या चाकाला एक सणसणीत शिवी हासडली आणि ते आत गेले.