बसलेला बैल

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. हापिसांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ ठणठणीत कोरडे. अशा दुष्काळात मी चित्रकलेच्या वर्गात प्लास्टर कोरायला शिकत होते. वडिलांनी, म्हणजे दादांनी, निघतानाच बजावलं होतं, "परीक्षेत नापास झालीस तर पेटी उचलायची अन् गावाकडं यायचं." तिकडं माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलेलं होतं. मला जायचं नव्हतं.

परीक्षेला मी आमचा घरचा देवणी बैल करायचा ठरवला. सर म्हणाले, "आधी सगळा ढोबळ आकार काढा. पायांमधलं प्लास्टर अगदी शेवटी." पण मला कोण सांगणार! पोळ्याला चिखलाचे बैल करण्यात गल्लीत माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. चिखलात आधी पाय उभे करायचे, मग वर धड ठेवायचं. त्याच सवयीनं मी आधी पाय मोकळे केले. मानेवर पटाशी ठोकली आणि चारी पाय मोडून पडले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

चिखल असता तर पाय परत थापले असते. प्लास्टरमध्ये काढलं ते गेलं. नवा ठोकळा ओतायला पाणी कुठलं? टँकरची वाट बघून सगळ्यांचे डोळे शिणलेले. मी आधी रडले, मग उगीचच सरांवर चिडले. शेवटी उरलेल्या धडातून बसलेला बैल काढायला घेतला. कोरडं प्लास्टर टवके उडवतं, म्हणून मी अंघोळीचं पाणी साठवून त्यावर शिंपडायची. दुमडलेले पाय पोटातूनच कोरावे लागले. त्यात बैल पार खंगला, बरगड्या वर आल्या.

नापास होणार हे धरूनच परीक्षेच्या दिवशी मी पत्र्याची पेटी भरून वर्गाच्या दाराशी आणून ठेवली. दुपारी दादा परीक्षेचं काय झालं ते बघायला आले. बैलापाशी उकिडवे बसले. पडलेलं जनावर उठवताना घालतात तसा त्याच्या पोटाखाली हात घातला.

"उठंना का ह्यो?"

"दादा, प्लास्टरचा हाय तो," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी हात काढला नाही. "आपला बी असाच बसला, माय. समदी गल्ली लागली उठवाया. न्हाई उठला."

मला कुणी कळवलंच नव्हतं. साऱ्या वर्गादेखत मी हमसून हमसून रडले. ज्याच्या पाठीवर बसून मी लहानाची मोठी झाले, तो गेला होता.

दादांनी डोळे पुसले आणि दारातली पेटी खांद्यावर घेतली. मी निमूट मागं निघाले. रस्त्यावर आल्यावर ते थांबले.

"तुझी खोली कुणीकडं हाय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी पेटी नेऊन खाटेखाली सरकवली.

"मार्क पडतील तेवढे पडू दे," ते म्हणाले. "पाव्हण्यांना मी सांगतो."